पाणबुडीचं सर्टिफिकेट जेटीवर लावा

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांचे अधिकारी,
मुंबई

विषय : सिंधुदुर्गातील नियोजित पाणबुडी पर्यटन. तपासणी आणि बचावाची व्यवस्था आधी करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरातून मी हे समुद्राबद्दलचं पत्र लिहितो आहे. त्याला कारण आहे. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या डाइंगमध्ये मी बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. आधी फायरमन होतो, मग परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झालो. सूत रंगवायला वाफ लागते, आणि आमच्या बॉयलरचा काटा दिवसभर दहा किलोच्या आसपास असायचा. दहा किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दहा किलोचं वजन, तळहाताएवढ्या जागेवर एक टन. समुद्रात शंभर मीटर खाली गेलं की पाणी साधारण तेवढंच दाबतं. आमच्याकडे वाफ आतून बाहेर ढकलायची, तिथे पाणी बाहेरून आत ढकलतं. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

माझा नातू एकोणीस वर्षांचा आहे, इथेच इंजिनिअरिंगला शिकतो. दर मे महिन्यात आम्ही सगळे मालवणला जातो. सोलापूरच्या उन्हातून चार दिवस सुटका करून घ्यायला आमच्यासारख्यांना परवडणारा समुद्र तोच. मध्यंतरी त्याने मला मोबाइलवर बातमी दाखवली. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गच्या समुद्रात तळाशी बसवायची, तिचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचं, आणि पाणबुडीतून पर्यटकांना ते दाखवायचं. केंद्र सरकारने त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले आहेत. “आजोबा, बसायचं का पाणबुडीत?” त्याचा चेहरा बघून मला हो म्हणावंसं वाटलं. पण तोंडातून आधी दुसरंच निघालं, “तिची टेस्ट कोण घेणार?”

त्याला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघांनी शोधलं. प्रकल्पाने किती पर्यटक येतील, किती जणांना काम मिळेल, हे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळालं. पाणबुडीची तपासणी कोण करणार, ती किती खोल जाणार, अडकली तर किती तासांत कोण वर काढणार, हे माझ्या वाचनात कुठेच आलं नाही. हे पत्र त्यासाठी. खुलं लिहितो आहे, कारण तिकीट काढणार ते लोकच आहेत आणि त्यांनीही हे वाचावं.

बॉयलरचं आधी सांगतो. आपल्या देशात १९२३ पासून बॉयलरसाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि २०२५ मध्ये तो नव्याने केला गेला. हे भांडं फुटलं तर मालक एकटा मरत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारलाही कळलं होतं. तपासणी जवळ आली की आम्ही दोन दिवस आधीपासून बॉयलर थंड करायचो, मॅनहोल उघडायचो, आतली खपली खरवडून काढायचो. बॉयलर इन्स्पेक्टर टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन येत. आत वाकून ट्यूबप्लेट बघत, ठोकून आवाज ऐकत. मग पाणी भरून रोजच्या दाबापेक्षा जास्त दाबाची हायड्रोलिक टेस्ट. तेवढा वेळ बॉयलर हाऊसमध्ये कुणी बोलत नसे. काटा स्थिर राहिला तर सर्टिफिकेट मिळायचं. त्यावर दाब लिहिलेला, मुदत लिहिलेली. मुदत संपली की भट्टी पेटवायची नाही, ऑर्डर कितीही मोठी असो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचा नियम एका ओळीचा होता. आवाज आला की आग काढा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एकदा रात्रपाळीला बॉयलरमधून एकच ‘टण्ण’ आवाज आला. काटा जागेवर, पाण्याची पातळी जागेवर, गळती कुठे नाही. वरून निरोप आला की माल सकाळी निघायचा आहे, चालू ठेवा. अण्णांनी ऐकलं नाही. त्यांनी आग काढली आणि बाकावर जाऊन बसले. दोन दिवसांनी उघडून बघितलं तर एक स्टे-ट्यूब, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्लेटा धरून ठेवणारी नळी, प्लेटपासून सुटली होती. त्या दोन दिवसांचा पगार अण्णांना मिळाला नाही. पण त्या पाळीचे आम्ही अकरा जण घरी गेलो.

‘टायटन’ पाणबुडीची हकिकत वाचताना मला तो ‘टण्ण’ परत ऐकू आला. अमेरिकेतल्या ओशनगेट कंपनीची ही पाणबुडी लोकांना ‘टायटॅनिक’चे अवशेष दाखवायला न्यायची. ते अवशेष कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून सुमारे ६०० किलोमीटरवर आहेत, ३,८०० मीटर खोल. म्हणजे आमच्या बॉयलरच्या जवळपास अडतीसपट दाब. तिकीट अडीच लाख डॉलर. पाणबुडीचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं. बीमवर सूत गुंडाळावं तसे कार्बनच्या धाग्यांचे थर गुंडाळून, चिकटवून, भाजून ते केलेलं होतं, आणि दोन्ही तोंडांना टायटॅनियमची झाकणं होती. जुलै २०२२ मधल्या ८० व्या बुडीनंतर ती वर येत असताना मोठा आवाज झाला. आत बसवलेल्या यंत्रांनी तो नोंदवला. त्यानंतरच्या बुड्यांत नळकांड्याचं वागणं बदलल्याचंही त्याच नोंदींत दिसत होतं. थर सुटू लागले होते. तरी ती पुन्हा खाली नेली. मधल्या हिवाळ्यात ती कॅनडात उघड्यावर पडून होती. आमचा बॉयलर महिनाभर बंद राहणार असला तरी तो कसा वाळवायचा आणि आत ओल राहू नये म्हणून काय ठेवायचं, याची ठरलेली पद्धत होती. इथे माणसं वाहून नेणारं भांडं बर्फात पडून राहिलं.

रविवारी १८ जून २०२३ रोजी ती पाच जणांना घेऊन खाली गेली. पावणेदोन तासांनी संपर्क तुटला. नंतर कळलं की त्याच वेळी, तीन हजार मीटरच्याही खाली, ती क्षणात चिरडली गेली होती. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश स्वतः आत होते. ‘टायटॅनिक’च्या जागेचे जाणकार पॉल-आंरी नारजोले होते. ब्रिटिश साहसवीर हॅमिश हार्डिंग होते. आणि शहजादा दाऊद आपल्या सुलेमान या मुलाला घेऊन गेले होते. सुलेमान एकोणीस वर्षांचा होता. हा आकडा वाचून मी त्या दिवशी पुढे वाचू शकलो नाही.

साहेब, हे न टळणारं संकट नव्हतं. २०१८ मध्येच कंपनीच्या सागरी विभागाचे प्रमुख डेव्हिड लॉकरिज यांनी लेखी धोका दाखवला होता. त्यांना कामावरून काढलं गेलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीसहून अधिक जाणकारांनी कंपनीला पत्र तयार केलं की त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या. कंपनीने ती करून घेतली नाही. अशा तपासणीने नव्या कल्पना अडतात, असं तिचं म्हणणं होतं. पाणबुडी आंतरराष्ट्रीय हद्दीत चालवली, म्हणून कुठल्याच देशाचा निरीक्षक दारात आला नाही. पैसे भरून येणाऱ्यांना ‘प्रवासी’ न म्हणता ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हटलं. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की हे मृत्यू टाळता आले असते. रचना, प्रमाणन, देखभाल आणि तपासणी, चारही ठिकाणी कसूर.

तुम्ही म्हणाल, सिंधुदुर्गात कोण चार हजार मीटर खाली नेणार आहे? बरोबर आहे. पण इजिप्तमधल्या, लाल समुद्रावरच्या हुरघाडाचं उदाहरण घ्या. तिथली ‘सिंदबाद’ ही पर्यटक पाणबुडी फक्त पंचवीस मीटरपर्यंत जाणारी, खिडकीतून प्रवाळ दाखवणारी. वर्षानुवर्षं फेऱ्या करत होती. २७ मार्च २०२५ रोजी ती किनाऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर बुडाली. पंचेचाळीस पर्यटक होते. सहा जण गेले. पाणबुडीला परवाना होता, असं तिथल्या राज्यपालांनी सांगितलं. म्हणजे उथळ पाणी होतं, किनारा दिसत होता, कागद जागेवर होते. तरी सहा जण गेले. गुजरातने २०२३ च्या अखेरीस द्वारकेजवळ चोवीस पर्यटकांना शंभर मीटर खाली नेणारी पाणबुडी जाहीर केली आहे. आज उथळ फेरी सुरू होईल, उद्या शेजाऱ्याशी स्पर्धा म्हणून खोल जाईल. नियम आत्ताच व्हायला हवेत.

आता बचावाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांचा इथेच मोठा गैरसमज आहे. पाणबुडी हरवली की विमानं जातील, जहाजं जातील, कुणीतरी खाली उतरून काढेल, असं आपण धरून चालतो.

खाऱ्या पाण्यात रेडिओ चालत नाही. मोबाइल नाही, जीपीएस नाही. खाली फक्त आवाज पोचतो. पाणबुडीतून आवाजाचा संदेश यायचा थांबला की वरच्या जहाजाला ती कुठे आहे हे कळायला मार्ग उरत नाही. ‘टायटन’च्या वेळी तर वरच्या जहाजाकडून तटरक्षक दलाला कळवायलाच कित्येक तास गेले. मग चार दिवस शोध चालला. आत ९६ तासांचा ऑक्सिजन होता असं सांगितलं गेलं, आणि सगळं जग तास मोजत बसलं. कॅनडाच्या विमानांनी पाण्यात सोडलेल्या यंत्रांवर ठोकल्यासारखे आवाज आले, लोकांनी आशा धरली. ते आवाज ‘टायटन’चे नव्हतेच. अमेरिकी नौदलाच्या यंत्रांनी पहिल्याच दिवशी चिरडल्यासारखा आवाज टिपला होता. २२ जूनला ‘ओडिसियस’ नावाचं यंत्र तळाशी पोचलं तेव्हा ‘टायटॅनिक’च्या पुढच्या टोकापासून सुमारे पाचशे मीटरवर तुकडे दिसले. आणि समजा ती पाणबुडी धड वर आली असती, लाटांत तरंगत राहिली असती, तरी आतल्यांना बाहेर पडता आलं नसतं. तिचं झाकण बाहेरून सतरा बोल्टांनी आवळलेलं होतं. मॅनहोलचं झाकण बाहेरून आवळून आत माणूस ठेवायचा, ही कल्पनाच माझ्या डोक्यात बसत नाही.

वाचलेल्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती तुम्ही जरूर वाचावी. ऑगस्ट १९७३. आयर्लंडच्या नैऋत्येला ‘पायसीस ३’ ही छोटी पाणबुडी टेलिफोनची केबल टाकण्याचं काम करत होती. आत दोघे, रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन. वर घेताना पाणबुडीच्या मागच्या, यंत्रांच्या गोळ्याचं झाकण निखळलं, त्यात पाणी भरलं, आणि ती ४८० मीटर खाली जाऊन तळावर आपटली. खायला एक सँडविच, प्यायला लिंबू सरबताचा एक डबा. थंडीत, अंधारात, कमीत कमी बोलत दोघे पडून राहिले, कारण बोललं की हवा संपते. मॅलिन्सन यांनी बुडीआधी अर्धवट वापरलेली ऑक्सिजनची टाकी बदलून भरलेली बसवली होती. तेवढ्याने ते जगले. ‘पायसीस २’ आणि ‘पायसीस ५’ या तिच्या बहिणी आणि अमेरिकेचं एक दूरनियंत्रित यंत्र मदतीला आणलं गेलं. दोर तुटले, यंत्रं बिघडली, पुन्हा उतरवली. शेवटी तळावरच्या पाणबुडीला दोर अडकवून १ सप्टेंबरला तिला वर ओढलं. शहात्तर तास झाले होते. बारा मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता.

२००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियन नौदलाची ‘एएस-२८’ ही छोटी पाणबुडी १९० मीटरवर मासेमारीच्या जाळ्यात अडकली, तेव्हाही सात जण वाचले. ब्रिटनहून विमानाने आणलेल्या ‘स्कॉर्पिओ’ नावाच्या यंत्राने जाळी कापली. दोन्ही वेळा माणसं वाचली, कारण पाणबुडी कुठे आहे हे ठाऊक होतं, ती शाबूत होती, आत हवा होती आणि तेवढ्या खोलीवर उतरणारं यंत्र वेळेत आलं. यातलं एक जरी नसतं तरी ते गेले असते. उलट अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ २०१७ मध्ये ४४ जणांसह गेली. ती सापडायला एक वर्ष लागलं. ती तर नौदलाची पाणबुडी होती.

कोकणच्या समुद्रात जाळी किती असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आपल्या नौदलाकडे २०१८ पासून पाणबुडी बचाव वाहनं आहेत, ६५० मीटरपर्यंत उतरणारी. एक संच विशाखापट्टणमला, एक मुंबईला. याचा मला अभिमान आहे. २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांग्गाला’ हरवली तेव्हा आपण विशाखापट्टणमहून मदत पाठवली होती. पण हे वाहन अडकलेल्या पाणबुडीच्या दारावर बसतं, आणि बसायला त्या दाराभोवती ठरावीक मापाची बैठक लागते. पर्यटक पाणबुडीला ती असेल का? मुंबई ते सिंधुदुर्गातली निवती तीनशे किलोमीटरहून अधिक. जहाजावर चढवून, तिथे आणून, उतरवायला किती तास? पाणबुडीत चोवीस माणसं असतील, त्यांत लहान मुलं असतील, तर आत हवा किती तासांची? हौशी स्कूबावाले चाळीस मीटरच्या खाली जात नाहीत, ते काही करू शकणार नाहीत. ही गणितं कागदावर मांडूनच मग तिकीट छापायचं असतं.

आम्हा सोलापूरकरांना बचाव म्हणजे काय ते उजनीने शिकवलं आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले. माझ्या बायकोचं माहेर त्याच तालुक्यातलं. आम्ही तेव्हा तिथेच होतो आणि दुसऱ्या दिवशी काठावर गेलो. एनडीआरएफचे जवान होते, गावचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन होते, कुणी कसूर करत नव्हतं. तरी मृतदेह हाती लागायला तिसरा दिवस उजाडला. एका धरणाचं पाणी ते. बोट कुठून कुठे चालली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. काठावर बसलेल्या बायकांनी दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, आणि कुणी चहा पुढे केला तर नुसत्या त्या कपाकडे बघत राहायच्या. ते बघितल्यावर ‘आपत्कालीन यंत्रणा सज्ज आहे’ हे वाक्य मला कागदावर नको आहे. किती माणसं, कुठलं यंत्र, किती मिनिटांत, एवढं हवं आहे.

समुद्रातही काही वेगळं घडलेलं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा जण गेले. या बोटी पाण्यावर होत्या, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर दुसऱ्या बोटी होत्या.

माझा स्वतःचा अनुभवही लिहितो. गावाचं आणि धंदेवाल्याचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. दोन वर्षांपूर्वी कोकणात एका ठिकाणी नातवाला स्कूबाला घेऊन गेलो. बोटीत चढायच्या आधी एक छापील कागद पुढे केला. ‘काही झाल्यास जबाबदारी माझी’, अशा अर्थाचा. वाचायला वेळ मागितला तर मागच्या लोकांचा खोळंबा होतो म्हणाले. लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं. दाखवलं तर मुलाने नाडीने गाठ मारून दिली. हसतमुख पोरगा, माझ्या नातवापेक्षाही लहान. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी सही केली, कारण नातू रुसला असता. बोट परत किनाऱ्याला लागेपर्यंत मी ती गाठ बघत होतो. त्या सहीची मला आजही लाज वाटते, आणि तशी सही पाणबुडीच्या दारात कुणाकडूनही घेतली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी पाणबुडीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्यांची रचना आणि बांधणी त्रयस्थ संस्थेने टप्प्याटप्प्याने तपासली आहे, अशा पाणबुड्या जगात अनेक दशकं माणसांना खोल नेऊन सुखरूप आणत आहेत. आपल्याच देशात चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ बनवते आहे. तीन माणसं, सहा हजार मीटर, टायटॅनियमचा २.१ मीटर व्यासाचा गोळा. काम बारा तासांचं, पण आत जगण्याची सोय ९६ तासांची. २०२५ च्या सुरुवातीला तिची चाचणी बंदरातल्या शांत पाण्यात झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या देशातल्या दोघांनी फ्रान्सच्या ‘नॉटिल’ या पाणबुडीमधून चार आणि पाच हजार मीटरच्या बुड्या मारून अनुभव घेतला. घाई नाही, एकेक पायरी. शास्त्रज्ञांसाठी एवढी काळजी घेणारा देश मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या कुटुंबासाठी कमी काळजी घेणार का?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पाणबुडीला इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग किंवा तशाच मान्यताप्राप्त वर्गीकरण संस्थेचं, म्हणजे जहाजांची रचना आणि बांधणी तपासणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र असल्याशिवाय एकही पर्यटक आत बसता कामा नये. हे प्रमाणपत्र रचनेपासून हवं, बांधून झाल्यावर रंग बघून दिलेलं नको. त्यावर कमाल खोली लिहिलेली असावी, आणि चालवणाऱ्याला ती ओलांडता येऊ नये. दर वर्षी ती पाण्याबाहेर काढून तपासावी, आणि तपासणारा माणूस कंपनीच्या पगारावर नसावा.

आवाज, ओल, गळती, काहीही वेगळं आढळलं तर चालकाला फेरी रद्द करण्याचा पूर्ण अधिकार असावा, आणि त्याबद्दल त्याचा पगार कापला जाऊ नये. ही मागणी अण्णांची समजा.

पाणबुडी खाली असेल तेवढा सगळा वेळ तिच्यावर जहाज हवं, त्या जहाजावर तेवढ्या खोलीला उतरणारं, दोर कापू आणि अडकवू शकणारं दूरनियंत्रित यंत्र चालू स्थितीत हवं. पाणबुडीला उचलायचे कडे, आपोआप ठोके देणारा पिंगर, वजनं टाकून स्वतः वर येण्याची सोय आणि आतून उघडणारं दार हवं. किमान ९६ तासांची हवा, सगळ्या प्रवाशांसाठी. संपर्क तुटला तर किती मिनिटांत तटरक्षक दलाला कळवायचं ते आकड्यात लिहावं. ‘टायटन’सारखे तास जाता कामा नयेत.

पहिली फेरी सुरू होण्याआधी नौदल, तटरक्षक दल आणि स्थानिक मच्छीमार यांच्यासह खरी रंगीत तालीम घ्या. रिकामी पाणबुडी तळाशी बसवा आणि वर काढून दाखवा. किती तास लागले ते जाहीर करा. त्यानंतर दर हंगामाला. मच्छीमारांना या तालमीचा आणि खऱ्या शोधाचा मोबदला मिळावा. संकटात सगळ्यात आधी त्यांच्याच होड्या धावतात आणि त्या दिवसाचं डिझेल ते खिशातून भरतात.

पर्यटकाला ग्राहकच म्हणा, त्याच्याकडून जबाबदारी झटकणारा कागद घेऊ नका. विमा चालवणाऱ्याने काढावा. धोका मराठीत, मोठ्या अक्षरात, तिकीट काढायच्या आधी सांगावा, आणि नको वाटलं तर पैसे परत मिळावेत.

आणि हे सगळे कागद लोकांसमोर हवेत. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तीस दिवस वाट बघायला लावू नका.

येत्या मे महिन्यात आम्ही मालवणला जाऊ. त्याआधी आपल्याकडून उत्तर यावं अशी विनंती आहे. पत्राने नको असेल तर वर्तमानपत्रात द्या, मी रोज वाचतो. आमच्या बॉयलर हाऊसमध्ये आत शिरलं की डाव्या हाताला काचेच्या चौकटीत सर्टिफिकेट टांगलेलं असायचं. नवा मुलगा कामाला आला की अण्णा त्याला आधी त्यासमोर उभं करायचे आणि मोठ्याने वाचायला लावायचे. नोंदणी क्रमांक, दाब, मुदत. पाणबुडी सुरू होईल त्या दिवशी जेटीवर, तिकीट खिडकीच्या शेजारी, अशी एक चौकट असू द्या. मी नातवाला तिच्यासमोर उभं करून वाचायला सांगेन. वाचून झालं की आम्ही दोघं तिकीट काढू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट,
सोलापूर